तुरटीविना जमणारे कण

मृगाच्या सरी सुरू झाल्या की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ओढ्यांचं, झऱ्यांचं, उघड्या विहिरींचं पाणी मातकट होतं. डोळखांबकडे काय किंवा टोकावड्याकडे काय, डोंगरावरची सुटी माती आठवडाभर तरी पाण्यासोबत खाली येत राहते. घरातली बाई हंडा भरून ठेवते, तुरटीचा खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवते आणि बाजूला होते. तासाभराने वरचं पाणी निवळलेलं असतं, गाळ तळाशी बसलेला असतो. हे इतकं नेहमीचं आहे की त्यात नेमकं काय घडतं, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण त्या उत्तरातून पुण्याच्या पाषाण भागात केलेल्या एका सुंदर प्रयोगापर्यंत सरळ पोचता येतं.

आधी प्रश्न असा की गढूळ पाणी आपोआप का निवळत नाही? माती पाण्याहून जड आहे, ती खाली जायलाच हवी. जाते, पण कणाच्या आकारावर सारं अवलंबून आहे. दहा मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा मातीचा कण स्थिर पाण्यात एक फूट खाली जायला तासभर घेतो. एक मायक्रोमीटरच्या कणाला त्याच अंतराला चार दिवस लागतात. आणखी दहापट लहान कण घेतला तर हिशेबाने वर्ष उलटून जातं. प्रत्यक्षात तो कधीच बसत नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी सतत धडका देत राहतात. परागकणांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांची अशी अखंड थरथर रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिचं गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलं. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर ती कोणालाही पाहता येते. पाण्यात दुधाचा एक थेंब मिसळायचा, त्यातला थोडासा काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि चारशेपट मोठं करून बघायचं. स्निग्धांशाचे गोळे जागच्या जागी हलताना दिसतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे मुलांना जरूर दाखवावं. अणुरेणू खरंच आहेत याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही.

सतत हलणारे हे कण एकमेकांवर आदळतातच. मग चिकटून मोठे का होत नाहीत? कारण मातीच्या बारीक कणांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे कण जवळ येतात आणि पुन्हा फाकतात. तुरटी हा पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा सल्फेट क्षार आहे. ती विरघळली की पाण्यात तिप्पट धन प्रभाराचे ॲल्युमिनियम आयन सुटतात, ते मातीच्या कणांचा प्रभार मारून टाकतात आणि कण आदळले की चिकटू लागतात. शिवाय ॲल्युमिनियमचा चिकट, कापसाळ साका तयार होतो, तो उरलेसुरले कण कवेत घेऊन खाली बसतो. मीठ टाकूनही प्रभार मारता येतो, पण फार जास्त मीठ लागतं. आयनाचा प्रभार जितका मोठा तितका तो या कामात प्रभावी, आणि ही वाढ सरळ नसते. सिद्धान्ताच्या हिशेबाने तिप्पट प्रभाराचा आयन एकपट प्रभाराच्या आयनापेक्षा ७२९ पट प्रभावी ठरतो. तीनचा सहावा घात तेवढा होतो. म्हणून चिमूटभर तुरटी हंडाभर पाण्याला पुरते.

मोठ्या प्रमाणावर हीच विद्या मुंबईसाठी वापरली जाते. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीने खाली येतं, पिसे इथे उचललं जातं आणि पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराकडे जातं. तानसाचं धरण तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतं आहे. या धरणांच्या अवतीभवतीच्या पाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट इथे विषयाबाहेरची असली तरी तिचा उल्लेख टाळून या पाण्याबद्दल लिहिणं मला जमत नाही.

मुद्द्याकडे येऊ. तुरटीने जमवलेले कण पुन्हा सुटे होत नाहीत. तळाचा गाळ ढवळा, त्याच्या गुठळ्या फुटतील, पण प्रत्येक कण मूळच्यासारखा एकटा, दुसऱ्यापासून अंतर राखणारा होणार नाही. त्याला वेगळं ठेवणारा प्रभारच आपण काढून घेतलेला असतो. पाणी निवळायचं असेल तेव्हा यात काही बिघडत नाही. पण हेच कण मातीचे नसून चांदीचे असले, आपण ते मुद्दाम बनवलेले असले आणि पुन्हा पुन्हा वापरायचे असले तर?

चांदीचे असे कण प्रयोगशाळेत रोज बनतात. चांदीच्या क्षाराचं पाण्यातलं द्रावण उकळत असताना त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, घातला की चांदी नॅनोकणांच्या रूपात बाहेर येते. प्रत्येक कण काही दशक नॅनोमीटरचा असतो, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. कणावर सायट्रेटचं आवरण बसतं, त्यामुळे त्यालाही ऋण प्रभार मिळतो आणि कण पाण्यात महिनोन्‌महिने तरंगत राहतात. सोन्याचे कण मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये अभ्यासले होते. त्याच्या माणिकासारख्या लाल द्रावणाची बाटली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेली आहे. सोनं पाण्यात लाल दिसतं, कारण या धातूंमधले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकसाथ डोलतात आणि ठरावीक रंग शोषून घेतात. या सामूहिक डोलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात.

या कणांचा मोठा उपयोग म्हणजे रेणूंची ओळख पटवणं. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना दिसलं की पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशात थोडासा भाग रंग बदलून येतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर ठरतो, आणि प्रत्येक रेणूची कंपनं वेगळी. म्हणजे विखुरलेला प्रकाश वाचला की रेणू कोणता ते कळतं. अडचण अशी की हा प्रकाश अत्यंत क्षीण असतो, साधारण कोटीत एखादाच प्रकाशकण रंग बदलून येतो. १९७४ मध्ये साउदॅम्पटनच्या फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीवर चिकटलेल्या पिरिडीनचा रामन प्रकाश अनपेक्षितपणे ठळक दिसला. पुढे कळलं की ही चांदीची करामत आहे. चांदीचे दोन कण एक-दोन नॅनोमीटरवर आले की त्यांच्यामधल्या फटीत प्रकाशाचं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं. तिथे क्षेत्र दहापट झालं तर रामन प्रकाश सुमारे दहा हजारपट होतो, शंभरपट झालं तर दहा कोटीपट. १९९७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की अशा फटीत बसलेला एकच रेणूसुद्धा ओळखता येतो.

पण त्या फटीसाठी कण जवळ आणायला हवेत, आणि ते तर एकमेकांना दूर लोटतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ द्रावणात मीठ टाकत. प्रभार मरतो, कण गुठळतात, फटी तयार होतात. म्हणजे हंड्यातली तुरटीच. परिणामही तोच: गुठळ्या वाढत जातात, खाली बसतात आणि चांदी एका मोजमापानंतर वाया जाते. गुठळी कुठे, कधी, किती मोठी होईल, हेही हातात राहत नाही.

पाषाणच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतल्या, म्हणजे आयसर पुणेच्या गटाने नेमका इथे घाव घातला. मुरबाडहून माळशेज चढून आळेफाटा, नारायणगाव करत पुण्याला जाणाऱ्या आपल्या मुलांना ही संस्था माहीत असावी. ती २००६ मध्ये सुरू झाली आणि बारावीनंतर थेट विज्ञानसंशोधनाकडे नेणारं शिक्षण तिथे मिळतं. पार्थ प्रतिम पात्रा, रोहित चिक्करड्डी, रवी त्रिपाठी, अरिंदम दासगुप्ता आणि त्यांचे मार्गदर्शक जी. व्ही. पवन कुमार यांचा शोधनिबंध २०१४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात आला. द्रवातले धातूचे नॅनोकण त्यांनी मीठ न टाकता, फक्त प्रकाशाने, धातूच्या सपाट पृष्ठभागावर जमवले, त्यांच्यामधल्या फटींत एकेक रेणू ओळखला आणि मग कण पुन्हा द्रवात मोकळे होऊ दिले.

हे कसं साधतं ते जरा सावकाश पाहू, कारण यात भौतिकशास्त्राचे तीन-चार धागे गुंफले आहेत.

काचेतून पाण्याकडे जाणारा प्रकाश फार तिरका असेल तर तो पाण्यात शिरत नाही, पूर्णपणे मागे परततो. साध्या काचेसाठी ही मर्यादा सुमारे ६१ अंशांवर आहे. पण परतताना तो पृष्ठभागाला अगदी स्पर्शही करत नाही असं नाही. त्याचं क्षेत्र पाण्याच्या बाजूला काही शे नॅनोमीटर डोकावतं आणि झपाट्याने विरतं. आता काचेवर सोन्याचा किंवा चांदीचा अतिशय पातळ थर दिला, पन्नास नॅनोमीटरच्या आसपासचा, तर वेगळंच घडतं. त्या मर्यादेपलीकडच्या एका ठरावीक कोनात परतणारा प्रकाश एकाएकी जवळजवळ नाहीसा होतो. तो गेलेला असतो धातूच्या पाण्याकडच्या पृष्ठभागावर. तिथे इलेक्ट्रॉनांची आणि प्रकाशाची मिळून एक लहर पृष्ठभागाला धरून काही मायक्रोमीटर धावते. पृष्ठभागावरच्या अशा लहरींचं भाकीत रुफस रिची यांनी १९५७ मध्ये केलं होतं. काचेच्या लोलकातून त्या जाग्या करायच्या मांडण्या जर्मनीत अँड्रियास ओटो आणि एर्विन क्रेट्शमान यांनी १९६८ मध्ये दिल्या. वरची मांडणी क्रेट्शमानची. सोन्याचा खर्च मोठा वाटत असेल तर हिशेब करून पाहा: एक चौरस सेंटिमीटरवर पन्नास नॅनोमीटरचा थर द्यायला एका मिलिग्रॅमचा जेमतेम दहावा भाग सोनं लागतं.

प्रकाशाने वस्तू धरता येतात हे आर्थर अश्किन यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७० पासून दाखवलं होतं. १९८६ मध्ये त्यांनी एकाच लेसरझोताने कण पकडून ठेवला, आणि त्याबद्दल २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. प्रकाशाचं क्षेत्र जिथे जास्त तीव्र असतं तिकडे कण ओढला जातो, हे त्यामागचं तत्त्व. पण ही ओढ कणाच्या आकारमानाबरोबर घटते. कण दहापट लहान झाला की ओढ हजारपट कमी होते, आणि धडका देणाऱ्या पाण्याच्या रेणूंना मात्र त्याची काही पर्वा नसते. शंभर नॅनोमीटरचा कण पाण्यात एका सेकंदात कोणत्याही एका दिशेने सुमारे तीन मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या तीसपट अंतर सहज सरकतो. इतक्या चंचल कणाला धरायचं तर क्षेत्र अतिशय थोड्या जागेत कोंडलेलं हवं. धातूच्या पृष्ठभागावरची लहर तेच देते. ती पृष्ठभागापासून दूर जाताना इतक्या लवकर विरते की कणाच्या खालच्या आणि वरच्या बाजूंना जाणवणाऱ्या क्षेत्रातही मोठा फरक असतो. त्यामुळे कण पृष्ठभागाकडे खेचला जातो.

पण ही ओढ फक्त अगदी जवळ आलेल्या कणांनाच लागू होते. दूरच्यांना कोण आणतं? उष्णता. धातू लहरीतली बरीच ऊर्जा शोषतो आणि तापतो, त्याला लागून असलेलं पाणी तापतं, हलकं होऊन वर जातं आणि बाजूचं गार पाणी तळाशी सरकत त्याची जागा घेतं. हे सावकाश फिरणारं पाणी लांबचे कण लेसरच्या ठिपक्यापर्यंत वाहून आणतं. याखेरीज तापमानातल्या फरकामुळे कण स्वतःही सरकतात, काही गार भागाकडे, काही ऊब असलेल्या भागाकडे. कोणत्या दिशेला हे कणाच्या आवरणावर आणि द्रवात विरघळलेल्या क्षारांवर ठरतं. २००६ मध्ये युरोपातल्या एका गटाने, ज्यात रोमेन किदां आणि किशन ढोलकिया होते, सोन्याच्या थरावर अशाच लहरी जागवून सूक्ष्म गोलकांचा मोठा समूह रचून दाखवला. त्यात या उष्ण प्रवाहांचा मोठा वाटा होता.

मला या साऱ्या विषयातली सर्वांत शिकवणारी गोष्ट हीच वाटते. प्रकाशाने कण पकडणाऱ्यांना उष्णता बराच काळ अडथळा वाटत होती. ती पाणी ढवळते, नाजूक रेणू बिघडवते, धरलेला कण निसटवते. म्हणून लेसरची ताकद कमी ठेवा, धातू टाळा, असं धोरण होतं. मग लोकांच्या ध्यानात आलं की उष्णता थोड्या जागेत आणि मोजून दिली तर ती दूरवरून कण गोळा करते, आणि हे काम प्रकाशाच्या ओढीला एकटीने कधीच जमलं नसतं. एक बल लांबून आणतं, दुसरं जवळ आल्यावर धरून ठेवतं. या दोघांचं प्रमाण राखण्यातच प्रयोग करणाऱ्याचं कसब लागतं.

आता परत त्या प्रश्नाकडे: कण पुन्हा सुटे कसे होतात? प्रकाशाने कणांचा प्रभार काढून घेतलेला नसतो. सायट्रेटचं आवरण जागेवर असतं, कण एकमेकांना दूर लोटतच असतात. प्रकाश त्यांना त्या विरोधाला न जुमानता एका जागी ठेवतो, इतकंच. लेसर बंद केला की क्षेत्र तत्क्षणी जातं. दहा मायक्रोमीटरच्या परिसरातली ऊबही पाण्यात एका मिलिसेकंदाच्या आसपास पसरून जाते. मग उरते ती कणांची आपसांतली नाखुशी आणि पाण्याच्या रेणूंच्या धडका, आणि समूह विस्कटतो. मीठ आणि तुरटी कणांचा स्वभाव बदलून त्यांना जमवतात, प्रकाश स्वभाव तसाच ठेवून जमवतो. पुण्याच्या प्रयोगाचं सारं सामर्थ्य मला या एका फरकात दिसतं. त्यात आणखी एक नेटकेपणा आहे: कण जमवणं, हवे तिथे सरकवणं आणि रामन प्रकाश वाचणं ही तिन्ही कामं पृष्ठभागाला चिकटलेल्या एकाच प्रकाशाने केली.

एकच रेणू पाहिला हे सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न कोणीही जाणता वाचक विचारील. या क्षेत्रात त्यासाठी एक चतुर रीत रुळली आहे. ओळखीची दोन वेगळी रंगद्रव्यं अतिशय विरल प्रमाणात समसमान मिसळतात आणि हजारो वेळा मोजमाप घेतात. फटीत पुष्कळ रेणू असतील तर प्रत्येक वेळी दोन्हींच्या खुणा मिसळून दिसतील. पण एका वेळी एकच रेणू सापडत असेल तर कधी फक्त पहिल्याची खूण दिसते, कधी फक्त दुसऱ्याची, आणि दोन्ही एकत्र क्वचितच.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला याचं काय, असं कोणी म्हणेल. आपल्याकडे पेरणीआधी भाताच्या बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक चोळतात. थायरमच्या रेणूत गंधक आहे, आणि गंधक चांदीला व सोन्याला घट्ट चिकटतं. त्यामुळे चांदीच्या नॅनोकणांवर थायरमची रामन खूण फार ठळक उमटते. सुमारे १३८० प्रति सेंटिमीटरवरची तिची रेषा या विषयातल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. फळांच्या सालीवरची किंवा पाण्यातली बुरशीनाशकं, कीटकनाशकं, कापडाच्या रंगांचे अंश, यांचा शोध घेण्यासाठी ही पद्धत जगभर तपासली जाते. नेहमीच्या तपासणीत नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल यायला दिवस लागतात. उलट रामन प्रकाश सेकंदांत वाचता येतो. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे, खालच्या अंगाला शेतं आहेत, आणि पाण्यात काय आहे हे लवकर कळण्याची गरज इथे खरी आहे.

तरीही घाई करू नये. ओढ्याचं पाणी प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यासारखं नसतं. त्यात क्षार असतात, ते प्रकाश पोचायच्या आधीच चांदीचे कण गुठळवून टाकू शकतात. कुजलेल्या पाल्यातून उतरलेली द्रव्यं कणांवर आधी जाऊन बसतात आणि थायरमला जागाच उरत नाही. मातीचे कण प्रकाश विखुरतात. म्हणून नमुना गाळावा लागेल, विरल करावा लागेल, कधी आधी वेगळा काढावा लागेल. प्रत्येक रेणू चांदीला गंधकासारखा चिकटतही नाही. हे अडथळे खरे आहेत, आणि त्यांवरचं काम दिसायला साधं असलं तरी सगळ्यात जास्त चिकाटीचं आहे.

पुण्याच्या त्याच निबंधात पुढचं एक पाऊल होतं. धातूच्या पृष्ठभागावरच्या लहरी दोन प्रकाशझोतांनी जागवून त्यांनी कणांचे एकमेकांवर परिणाम करणारे समूह रचले. ठिपके सरकवले की समूहांची मांडणी बदलते, म्हणजे साचा न बनवता, पृष्ठभागावर काहीही न कोरता, द्रवातच कणांची रचना घडवता आणि मोडता येते. २०२१ मध्ये याच गटाने सपाट थरही बाजूला ठेवून सोन्याच्या एकाच नॅनोकणाच्या उष्णतेवर चालणारा प्रकाशचिमटा मांडला आणि त्यातही एकेक रेणू ओळखला. उष्णता जितक्या लहान जागेत कोंडता येईल तितका कमी ताकदीचा लेसर पुरतो. आणि मोठ्या टेबलावरचं यंत्र उचलून तालुक्याच्या गावी नेता येईल इतकं लहान करायचं तर लेसरची ताकद कमी करणं, हीच त्यातली पहिली अट आहे.